लिंकन घराण्याचा तुटलेला दुवा आणि न्यू जर्सीतील एक खरेदीखत

२० डिसेंबर १८५९ रोजी अब्राहम लिंकन यांनी आपले स्नेही जेसी फेल यांना स्वतःची थोडक्यात माहिती लिहून पाठवली. आपल्या आजोबांचे नाव अब्राहम होते, ते १७८१ किंवा १७८२च्या सुमारास व्हर्जिनियातील रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारखा विभाग) केंटकीत आले आणि त्यांचे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे पूर्वज पेनसिल्व्हेनियातील बर्क्स काउंटीतून व्हर्जिनियात आले होते, एवढे त्यांनी तीत सांगितले आहे. न्यू इंग्लंडमधील, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या बाजूच्या ईशान्य प्रदेशातील, याच आडनावाच्या घराण्याशी नाते जुळवण्याचा प्रयत्न मात्र एनॉक, लेवी, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी काही नावे दोन्हीकडे आढळतात यापलीकडे गेला नाही, अशी नोंदही त्यांनी केली. पुढे वर्षभराच्या आत राष्ट्राध्यक्षपदी निवडून येणाऱ्या या माणसाला पणजोबांच्या मागचे आपले घराणे ठाऊक नव्हते.

त्यांनी प्रयत्न केले नव्हते असे नाही. १८४८ मध्ये ते वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृहाचे सदस्य असताना मॅसॅच्युसेट्समधील हिंगहॅम गावचे इतिहासलेखक सॉलोमन लिंकन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. त्याच सुमारास व्हर्जिनियात मागे राहिलेल्या शाखेतील डेव्हिड लिंकन यांच्याशीही पत्रे झाली आणि तुमचे काका अब्राहम व माझे आजोबा हे एकच, याविषयी आता शंका उरली नाही, असे त्यांनी डेव्हिड यांना कळवले. म्हणजे कौटुंबिक आठवण बर्क्स काउंटीपर्यंत पोहोचत होती आणि हिंगहॅमची गावनोंद सतराव्या शतकापासून खाली उतरत होती; मधल्या पन्नास-साठ वर्षांची जागा तेवढी रिकामी होती. ती भरून काढणारा पुरावा सॅम्युएल शॅकफर्ड यांनी १८८७ मध्ये न्यू इंग्लंडच्या वंशावळविषयक त्रैमासिकात मांडला आणि त्या पुराव्याचा कणा जमिनीच्या कागदांचा होता. हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते राष्ट्राध्यक्षाच्या नावामुळे नव्हे. माणूस ज्या गावात राहत होता तिथे त्याचा मागमूस लागत नसेल, तर जिथे तो राहत नव्हता पण जिथली जमीन त्याने विकली तिथे शोध घ्यावा, ही गोष्ट या प्रकरणाइतकी स्पष्ट क्वचितच दिसते.

जमिनीचे कागदच का, हे आधी समजून घेतले पाहिजे. मॅसॅच्युसेट्समधील गावे जन्म, विवाह आणि मृत्यू बऱ्याच काटेकोरपणे नोंदवीत असत. तिथून दक्षिणेला आणि पश्चिमेला सरकले की हा आधार सुटतो. पेनसिल्व्हेनियात सरकारी जन्मनोंद नव्हती, प्रत्येक पंथाची वही वेगळी होती, आणि डोंगरापलीकडच्या नव्या वसाहतीत तर पाद्रीही वर्षानुवर्षे येत नसे. परंतु जमीन घेणाऱ्याला ती आपल्या नावावर चढवून घ्यावीच लागे, कारण तसे न केल्यास ती हातची जाण्याचा धोका असे. त्यामुळे ज्याच्या जन्माची ओळ कुठेही सापडत नाही, त्याने जमीन कोणाकडून घेतली, किती पौंडांना घेतली, शेजारी कोण होते आणि विकताना पत्नीचे नाव काय होते, हे सारे काउंटीच्या वहीत मिळू शकते. आपल्याकडे सातबारा आणि फेरफार चाळताना वारसनोंदीतून घराण्याची फांदी उलगडत जाते, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना याची गोडी वेगळी सांगावी लागणार नाही.

हिंगहॅमचे लिंकन

सॅम्युएल लिंकन हा इंग्लंडमधील नॉरफोकचा विणकर-उमेदवार १६३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सला आला आणि हिंगहॅमला स्थायिक झाला. गाव १६३५ मध्ये स्थापन झाले होते आणि तिथे आधीच इतके लिंकन होते की एकट्या थॉमस लिंकन या नावाचे चार जण गावच्या नोंदींत सापडतात. गावकऱ्यांनी त्यांना थॉमस विणकर, थॉमस पिंपवाला, थॉमस गिरणीवाला आणि थॉमस शेतकरी असे वेगळे केले होते. व्यवसाय हाच इथे ओळखीचा शिक्का आहे आणि तो पुढे दोन पिढ्या उपयोगी पडतो. थॉमस विणकर हा सॅम्युएलचा भाऊ. तो निपुत्रिक गेला आणि त्याची मालमत्ता सॅम्युएलच्या कुटुंबाकडे आली, त्यामुळे चार थॉमसांपैकी आपल्या घरचा कोणता, याचा निवाडा मालमत्तेच्या कागदांनी होतो.

याच गावाच्या दप्तरात १६६५ मधील एक खरेदीखत आहे, ज्यात मूळ रहिवाशांचा सरदार वॉम्पाटक आणि त्याचे सहकारी हिंगहॅमची जमीन गोऱ्या वसाहतकारांना लिहून देतात. गाव वसून, शेते वाटून आणि विकून तीस वर्षे झाल्यावर हा कागद झाला. लिंकनांच्या वंशावळीत त्याचा थेट उपयोग नाही. तरीही तो वगळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही, कारण या लेखातील प्रत्येक एकर अशाच कोणाच्या तरी हातून गेलेली आहे आणि ज्यांची ती होती त्यांची नावे नोंदवहीत एकदाच, निघून जातानाच, येतात.

सॅम्युएलचा मुलगा मॉर्डेकाय लोहार होता. हल आणि सिच्युएट या किनारी गावांच्या परिसरात त्याने लोखंडाचा आणि गिरण्यांचा व्यवसाय वाढवला. हल गावच्या अब्राहम जोन्स यांची मुलगी सारा ही त्याची पत्नी. अब्राहम हे नाव घराण्यात आले ते या आजोळाकडून. या दांपत्याचे मॉर्डेकाय (जन्म १६८६) आणि अब्राहम (जन्म १६८९) हे दोन मुलगे तरुणपणी गावातून दिसेनासे होतात. १७२७ मधील बापाच्या मृत्युपत्रात त्यांची नावे आहेत, पण त्यांच्या वाट्याला आली ती रोख रक्कम. गावातली जमीन धाकट्या भावंडांकडे राहिली. मृत्युपत्रातील अशी वाटणी नुसती वाचून सोडून देऊ नये. ज्याला जमिनीऐवजी पैसे मिळतात तो बहुधा दूर गेलेला असतो आणि तिथे त्याची स्वतःची जमीन असते, तेव्हा पुढचा प्रश्न ती कुठे आहे हाच असला पाहिजे.

ती न्यू जर्सीत होती. मॉनमाउथ काउंटीत मॉर्डेकाय आणि अब्राहम हे दोन लिंकन बंधू एकाच काळात दिसू लागतात आणि दोघेही लोखंडाच्या धंद्यात आहेत. एकटे नाव पुरावा ठरत नाही. परंतु दोन भावांची जोडी, दोघांचा वडिलोपार्जित व्यवसाय आणि मॅसॅच्युसेट्समधून दोघांचे एकाच वेळी नाहीसे होणे, ही तिन्ही एकत्र आली की शंकेला फारशी जागा राहत नाही. मॉर्डेकायने १७१४ पूर्वी तिथल्या रिचर्ड सॉल्टर यांची मुलगी हॅना हिच्याशी लग्न केले आणि त्या सासुरवाडीच्या आधाराने जर्सीत जमिनी मिळवल्या. १७२२ पर्यंत तो पेनसिल्व्हेनियात पोहोचला होता, कारण त्या वर्षी सॅम्युएल नट आणि विल्यम ब्रॅन्सन यांच्याबरोबर लोखंडाच्या भट्टीच्या भागीदारीचा करार झालेला आहे आणि १७२५ मध्ये आपला एक तृतीयांश हिस्सा त्याने ब्रॅन्सन यांना विकून टाकला. पुढे तो आजच्या बर्क्स काउंटीच्या भागात जमीनदार म्हणून स्थिरावला आणि १७३६ मध्ये वारला.

मृत्युपत्रातील जर्सीची जमीन

प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. जर्सीतून पेनसिल्व्हेनियात आलेल्या या मॉर्डेकायचे मृत्युपत्र फेब्रुवारी १७३५ किंवा १७३६ अशा दुहेरी वर्षाचे आहे. इंग्रजी अंमलात १७५२ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चमधील तारखांना दोन वर्षे लिहिण्याचा प्रघात होता; शकाच्या तारखांचे इसवी सन काढताना या महिन्यांपाशी जशी सावधगिरी लागते तशीच ती इथेही लागते. या मृत्युपत्रात बर्क्समधील अ‍ॅमिटी येथील राहती जमीन त्याने दुसऱ्या पत्नीच्या मॉर्डेकाय आणि थॉमस या लहान मुलांना दिली. पत्नी गरोदर असल्यास आणि मुलगा झाल्यास त्यालाही समान तिसरा वाटा मिळावा अशी तरतूद केली, आणि बापाच्या मृत्यूनंतर जन्मलेल्या त्या मुलाचे नाव अब्राहम ठेवले गेले. हॅना ही पहिली पत्नी तेव्हा हयात नव्हती. तिचा मुलगा जॉन याला मिळाली ती जर्सीमधील ३०० एकर जमीन. त्याच्या काही बहिणींच्या वाट्यालाही जर्सीचीच जमीन आली.

ही वाटणी नीट पाहिली म्हणजे दोन संसारांची रेषा जमिनीवर आखलेली दिसते. आजोळकडच्या प्रदेशातील जमीन पहिल्या घरच्या मुलांना आणि चालता वाडा दुसऱ्या घरच्या मुलांना, अशी ती व्यवस्था आहे. संशोधकाच्या दृष्टीने तिचा परिणाम मोठा झाला. बर्क्स काउंटीत मॉर्डेकायच्या जमिनीचा पुढचा प्रवास शोधणाऱ्याला मॉर्डेकाय, थॉमस आणि अब्राहम हे तीन मुलगे सहज भेटतात. थोरला जॉन मात्र त्या साखळीत कुठेच येत नाही, कारण बापाच्या तिथल्या जमिनीशी त्याचा संबंधच उरला नव्हता. हिंगहॅमकडून खाली येणारी वाट म्हणूनच या तीन भावांवर येऊन अडत असे आणि व्हर्जिनियाकडून वर जाणारी वाट बर्क्समधल्या कोणा एका जॉनपाशी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या पणजोबांपाशी, थांबत असे.

दोन्ही वाटा जोडणारा कागद १७४८ मधील आहे. नोव्हेंबर महिन्यात पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर काउंटी, कार्नार्व्हन येथील जॉन लिंकनने न्यू जर्सीतील मिडलसेक्स काउंटीमधली ३०० एकर जमीन विल्यम डाय यांना विकली आणि त्या खतात स्वतःची ओळख मॉर्डेकाय लिंकन याचा मुलगा व वारस अशी लिहून दिली. एका वाक्यात तीन ठिकाणे आणि दोन पिढ्या एकत्र आल्या. ३०० एकरांचा आकडा मृत्युपत्राशी जुळतो, जर्सीचा उल्लेख जुळतो, आणि विक्रेत्याचा पत्ता तो जॉन नेमका कुठे राहत होता हे सांगतो. ‘मुलगा व वारस’ हे शब्दही सहज लिहिलेले नसतात. इंग्रजी कायद्याच्या भाषेत त्यांचा रोख थोरल्या मुलाकडे असतो, आणि खरेदी करणारा आपल्या पैशाच्या काळजीने विक्रेत्याचा हक्क कुठून आला हे स्पष्ट लिहून घेतो. कोणी वंशावळ जपावी म्हणून हा शब्दप्रयोग झाला नाही, म्हणूनच त्याची साक्ष मी घरोघर जपलेल्या आठवणींपेक्षा वरची मानतो.

इथे एक अडचण दिसते. कौटुंबिक आठवण बर्क्स काउंटीची आहे आणि खत लँकेस्टरचे आहे. मात्र बर्क्स काउंटी १७५२ मध्ये लँकेस्टर, चेस्टर आणि फिलाडेल्फिया यांचे भाग काढून बनवण्यात आली आणि कार्नार्व्हन तेव्हा दोन काउंट्यांत विभागले गेले. जॉन हललाही नसेल, सरहद्द मात्र हलली. काउंटी केव्हा कोणत्या काउंटीतून फुटली याचे कोष्टक हाताशी न ठेवता अमेरिकेतील जमिनीचे दप्तर उघडू नये, असे माझे ठाम मत आहे. एकच शेत तीन पिढ्यांत तीन कचेऱ्यांच्या वह्यांत सापडू शकते.

व्हर्जिनियातून केंटकीत

१७६८ मध्ये जॉनने व्हर्जिनियातील शेनान्डोआ खोऱ्यात लिनव्हिल क्रीकवर ६०० एकर जमीन घेतली. तेव्हा ती ऑगस्टा काउंटीत होती. १७७८ मध्ये रॉकिंगहॅम वेगळी झाल्यावर ती त्या काउंटीत आली. १७७३ मध्ये त्याने मोठा मुलगा अब्राहम याला तीतील हिस्सा खरेदीखताने दिला. बापाने जिवंतपणी मुलाला लिहून दिलेली जमीन हा नात्याचा उत्तम पुरावा असतो, आणि इथे तो बिनतक्रार मिळतो.

हाच कॅप्टन अब्राहम, राष्ट्राध्यक्षांचा आजोबा. १८ फेब्रुवारी १७८० रोजी त्याने लिनव्हिल क्रीकची २५० एकर जमीन ५,००० पौंडांना विकली. आकडा डोळे दिपवणारा असला तरी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील व्हर्जिनियाच्या कागदी चलनाची किंमत तेव्हा रसातळाला गेली होती, त्यामुळे त्यावरून श्रीमंतीचा निष्कर्ष काढू नये. या विक्रीत पत्नीचे नाव बर्शेबा, म्हणजे बॅथशिबा, असे येते. व्हर्जिनियात पतीने जमीन विकली तरी विधवा झाल्यावर तीत हक्क सांगण्याचा पत्नीचा अधिकार तिने पतीच्या गैरहजेरीत, स्वतंत्रपणे विचारले असता संमती दिल्याखेरीज संपत नसे, म्हणून तिची नोंद होणे भाग होते. घराण्यातील एका परंपरेनुसार राष्ट्राध्यक्षांच्या आजीचे नाव मेरी शिप्ली सांगितले जात असे. जमिनीच्या कागदाने ते नाव बाजूला सारले. मात्र तिचे माहेर हेरिंग होते हे त्या कागदात नाही. ते स्थानिक परंपरेतून आले आहे, आणि दोन्ही गोष्टींना सारख्याच खात्रीने लिहिणे मला पटत नाही.

विक्रीनंतर पंधराव्या दिवशी, ४ मार्च १७८० रोजी, व्हर्जिनियाच्या जमीन कचेरीने (केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच मोडत असे) अब्राहम लिंकहॉर्न या नावाने ३३३४ क्रमांकाचा हक्काचा कागद दिला. १६० पौंड भरून ४०० एकरांचा हा हक्क होता, म्हणजे शंभर एकरांना ४० पौंड हा १७७९च्या कायद्यातील दर. लिंकन आणि लिंकहॉर्न हे एकच का, याचे उत्तर या दोन तारखांच्या जवळिकीत आहे: एका हाताने जमीन विकली आणि दुसऱ्या हाताने केंटकीतील जमिनीचा हक्क घेतला. आडनावाचे लेखन कारकुनाच्या कानावर अवलंबून होते, त्यामुळे सूचीत फक्त शुद्ध लेखन शोधणाऱ्याच्या हाती हा कागद कधीच लागला नसता.

हक्क घेतला म्हणजे शेत मिळाले असे नव्हते. जागा निवडून तिची नोंद करायची, मग मोजणी आणि शेवटी सनद, असा क्रम होता. अब्राहमच्या लाँग रन ओढ्यावरील ४०० एकरांची मोजणी ७ मे १७८५ रोजी जेफरसन काउंटीत झाली. तिची चतुःसीमा अशी: शुगर मेपलच्या खुणेच्या झाडापासून पूर्वेला ३०० पोल पॉप्लर आणि शुगर मेपलपर्यंत, उत्तरेला २१३⅓ पोल बीच आणि डॉगवूडपर्यंत, पश्चिमेला ३०० पोल पांढऱ्या ओक आणि हिकरीपर्यंत, आणि दक्षिणेला २१३⅓ पोल पुन्हा आरंभाच्या झाडापर्यंत. पोल म्हणजे साडेसोळा फूट. ३०० गुणिले २१३⅓ केले की ६४,००० चौरस पोल होतात, आणि १६० चौरस पोलांचा एकर धरता बरोबर ४०० एकर येतात. आपला गुंठा ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे अचूक चार चौरस पोल, असल्याने मराठी वाचकाला हा हिशेब चाळीस गुंठ्यांच्या एकराशीही ताडून पाहता येईल. असा पडताळा प्रत्येक मोजणीवर करावा. बेरीज जुळली नाही तर नक्कल करताना एखादी बाजू गळालेली असते आणि त्या गळालेल्या बाजूला कदाचित शेजाऱ्याचे नाव असते.

या मोजणीपत्रावर मोजणीची साखळी धरणारे म्हणून हॅनानाया लिंकन आणि जोसाया लिंकन यांची नावे आहेत आणि खुणा करणारा स्वतः अब्राहम आहे. जोसाया हा त्याचा दुसरा मुलगा, तेव्हा अकरा-बारा वर्षांचा, आणि हॅनानाया हा त्याचा चुलत भाऊ. साखळी धरायला घरचेच हात येत, म्हणून मोजणीपत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली ही नावे वंशावळीसाठी कित्येकदा मुख्य मजकुराहून मोलाची ठरतात.

मोजणीनंतर वर्षभरात, मे १७८६ मध्ये, शेतात काम करत असताना मूळ रहिवाशांच्या हल्ल्यात अब्राहम मारला गेला. थॉमस हा आठ वर्षांचा धाकटा मुलगा तिथेच होता. अब्राहमने केंटकीत किमान ५,५४४ एकरांवर हक्क मिळवलेला होता. व्हर्जिनियाने थोरल्या मुलालाच सारी जमीन देणारा जुना नियम रद्द करणारा कायदा १७८५ मध्ये केला होता, पण तो १ जानेवारी १७८७ पासून लागू झाला. बापाचा मृत्यू या तारखेच्या सात-आठ महिने आधीचा असल्याने जमिनीचा वारस थोरला मॉर्डेकाय एकटा ठरला. राष्ट्राध्यक्षांचे वडील थॉमस यांच्या दारिद्र्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यात त्यांच्या आळसाचा दोष बऱ्याचदा काढला जातो. तो काढण्याआधी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात.

थॉमसने मग स्वतः जमिनी घेतल्या. १८०३ मध्ये हार्डिन काउंटीत मिल क्रीकवर ११८ पौंडांना २३८ एकर घेतले. १८१४ मध्ये तेच शेत २०० एकर म्हणून १०० पौंडांना विकावे लागले, कारण हद्दी चुकीच्या मोजलेल्या होत्या आणि ३८ एकरांचा हक्क सिद्ध होत नव्हता. डिसेंबर १८०८ मध्ये सिंकिंग स्प्रिंगची जमीन २०० डॉलर रोख देऊन घेतली. तिथेच १२ फेब्रुवारी १८०९ रोजी मुलगा अब्राहम जन्मला, पण आधीच्या मालकाची बाकी शिल्लक राहिल्याने त्या जमिनीवर दावा झाला. त्यानंतर ते राहिले त्या नॉब क्रीकच्या जागेवर फिलाडेल्फियातील वारसांनी दहा हजार एकरांच्या जुन्या सनदेच्या जोरावर तिथल्या कुटुंबांना हुसकावण्याचा दावा लावला. केंटकीत एकाच जमिनीवर कौलांसारखे एकावर एक हक्क चढलेले होते, आणि झाडांच्या खुणांवर आखलेल्या चतुःसीमा झाड पडले की संपत. आपले कुटुंब केंटकी सोडून गेले ते काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या अडचणींमुळे, असे लिंकन यांनी १८६० मध्ये स्वतः लिहून ठेवले आहे.

१८१६च्या अखेरीस ते इंडियानात गेले. तिथे जमीन संघराज्य सरकारने आधी चौकोनांत मोजून मग विकायला काढली होती. १५ ऑक्टोबर १८१७ रोजी व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत थॉमसच्या नावावर चढलेली नोंद अशी आहे: सेक्शन ३२चा नैऋत्य चतकोर, टाउनशिप ४ दक्षिण, रेंज ५ पश्चिम (हे सारे त्या चौकोनी मोजणीतील जागेचे क्रमांक), १६० एकर, एकरी दोन डॉलर. तीत एकाही झाडाचे, ओढ्याचे किंवा शेजाऱ्याचे नाव नाही, आणि साखळी धरणारा घरचा कोणी नाही. सगळे हप्ते भरणे झाले नाही, म्हणून अर्धी जमीन परत करून उरलेल्या ८० एकरांची सनद त्याने जून १८२७ मध्ये घेतली. तेव्हा त्याचा मुलगा अब्राहम अठरा वर्षांचा होता.